बांगडा तापाने गेला की जाळ्याने?

रापणवाला:
परवा गावच्या बैठकीत पर्ससीनवाल्यांचा (माशांचा थवा वेढून बटव्यासारखं तळाशी आवळायचं मोठं जाळं, ते पर्ससीन) एक पुढारी उठून म्हणाला, "मासा घटला तो ग्लोबल वॉर्मिंगने, आमच्या जाळ्याला का बदनाम करता?" लोकांनी टाळ्या दिल्या. तेव्हापासून डोकं तापलंय (समुद्राचं मला माहीत नाही), म्हणून हा धागा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर, म्हणजे झगझगीत दिवे लावून मासा गोळा करण्यावर, बंदी आणली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहा, बाहेर समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. दिव्याला भुललेला मासा पिल्लासकट, गाभोळीसकट उचलला जातो. इकडे अख्खा वाडा किनाऱ्यावर उभा राहून रापणीचं जाळं हातांनी ओढतो आणि हाती चार टोपल्या. तापमानवाढीविरुद्ध मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा? जाळ्याला मालक असतो, बोटीला नंबर असतो. म्हणून ही हवामानाची हाकाटी मला पळवाट वाटते.

पाणमापे:
दादा, पळवाट म्हणून वापरणारे आहेत, मान्य. म्हणून ताप खोटा ठरतो का? हरितगृह वायूंमुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रांनी गिळली आहे. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५० पासून दर दशकाला साधारण ०.१२ अंशाने तापतोय.

आता बांगड्याशी याचा संबंध. पावसाळी वारे वरचं पाणी ढकलतात, खालचं गार, कसदार पाणी वर येतं. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) वाढतं आणि प्लवकावर तारली, बांगडा. वरचा थर तापला की हलका होतो आणि दुधावरच्या सायीसारखा बसून राहतो. खालचा कस खालीच अडकतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरातलं वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं. प्लवक काही पर्ससीनमध्ये सापडत नाही.

रापणवाला:
पश्चिम हिंदी महासागर म्हणजे पार सोमालियाची बाजू. ते माप आमच्या किनाऱ्याला कशाला लावता? जवळचं घ्या. केरळात २०१२ ला तारली चार लाख टनांच्या आसपास, २०२१ ला फक्त ३,२९७ टन. सगळे म्हणाले, समुद्र तापला. मग २०२२ ला लाखाच्या वर कशी गेली? वर्षभरात समुद्र निवला?

पाणमापे:
चांगला प्रश्न आहे. तारली एल निनो, पाऊस, वारा यांवर दरवर्षी हेलकावे खाते, आणि तापमानवाढ त्याच्याखाली हळूहळू पाया सरकवते. एका वर्षाच्या आकड्यावरून दोघांनाही काही सिद्ध करता येणार नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. एक मात्र तुमच्या बाजूचं सांगतो: केरळात १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरायला मनाई आहे. तापलेल्या समुद्रात पिल्लं वाचवणं जास्त गरजेचं होतं, कमी नव्हे.

बंदरावरचा:
मी पर्ससीनचा मालक. सगळ्यांनी मिळून चोर ठरवलंच आहे तर चोराचंही ऐका. आम्हाला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढेच महिने. त्यात २०१९ ला ऐन दिवाळीत क्यार वादळ, पाठोपाठ महा. बोटी बंदरात बांधून, खलाशांना बसून जेवण आणि पगार. बँक वादळ बघत नाही, हप्ता बघते. २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. माझे वडील सांगायचे, वादळं बंगालच्या उपसागरात, आपल्याकडे नुसतं उधाण. आता ताप नाही म्हणणाऱ्याने माझं डिझेलचं बिल भरावं.

पाणमापे:
वडिलांचं बरोबर होतं. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी. हेही आयआयटीएमचंच काम.

रापणवाला:
वादळांचं मानलं. तौक्त्यात आमच्या दोन होड्या फुटल्या, ते मी विसरलेलो नाही. पण मालक, वादळात चार महिन्यांतले वीस दिवस गेले म्हणून उरलेल्या दिवसांत दिवे लावून दर्या खरवडायचा? शेतकऱ्याचा पाऊस चुकला म्हणून तो शेजाऱ्याचं पीक कापत नाही.

बंदरावरचा:
दिवे माझे नाहीत. परराज्यातल्या बोटींचे आहेत.

रापणवाला:
नेहमीचं उत्तर.

गाबतीण:
माजी आवस बाजारात बसता. तिका वॉर्मिंग म्हाइत नाय, एलईडीय म्हाइत नाय. गिऱ्हाईक इचारता, बांगडो खयचो? ती सांगता, गुजरातचो, बर्फातलो. तुमी भांडा.

पाणमापे:
ताई, यात माझाही मुद्दा आलाय. बांगडा उत्तरेकडे सरकतोय.

रापणवाला:
सरकतोय की पळवला जातोय, ते नंतर बघू. पुढच्या बैठकीत तापाबद्दल मी स्वतः बोलतो, शब्द देतो. बदल्यात मालकांनी ट्रान्सपॉन्डर चालू ठेवायचा, म्हणजे बोट कुठे होती ते दिसेल.

बंदरावरचा:
ट्रान्सपॉन्डर बसवलाय. बॅटरी टिकत नाही.

रापणवाला:
रात्रीचीच?