प्रतिसाद: दीर्घिकांचे समूह शोधायला क्ष-किरणच का?

वर एकांनी विचारलंय की साध्या दुर्बिणीतून दीर्घिका (गॅलक्सी) दिसतातच, मग क्ष-किरणांचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या मंडळींनी २०१७ मध्ये जाहीर केलेला सरस्वती महासमूह (अनेक समूहांचा मिळून झालेला) दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणातूनच सापडला. पण एकाच रेषेत पुढेमागे असलेल्या दीर्घिकाही फोटोत घोळका करून बसल्यासारख्या दिसतात आणि तिथे फसगत होते. खऱ्या समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो, सगळ्या ताऱ्यांपेक्षा वस्तुमानाने कितीतरी जास्त! क्ष-किरण तोच सोडतो. अवकाशातल्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमेत क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) म्हणजे नुसते ठिपके, समूह मात्र पसरट, धूसर डाग.

मला सगळ्यात भारी वाटतं ते लोहाचं. त्या वायूतल्या लोहाची रेषा (वर्णपटातली त्याची खूण) ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला हवी, ती ३.३५ ला सापडली तर रेडशिफ्ट (विश्व प्रसरण पावल्यामुळे वाटेत किरणांची ऊर्जा किती घटली त्याचं माप) १, म्हणजे ते किरण निघाले तेव्हा विश्वाचं वय आजच्या निम्म्याहून कमी होतं. इतक्या दुरून फोटॉन (प्रकाशकण) अगदी थोडे येतात, त्यामुळे दुर्बीण तासन्‌तास तिथेच रोखून धरावी लागते. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं याला जोडली की कुठले समूह एकमेकांवर आदळलेत, तेही कळतं.