दर फील्डला बाइट-क्रम लिहायचा की नाही?

रजिस्टरवाला: काल इथे एकाने ठणकावलं, "नेटवर्कवर सगळं बिग-एंडियनच असतं. पार्सरमध्ये दर फील्डला क्रम आणि एन्कोडिंग लिहिणं म्हणजे वेळ घालवणं." वाचून राहवलं नाही. नवख्यांसाठी: बिग-एंडियन म्हणजे आकड्याचा वरचा (मोठा) बाइट आधी, लिटल-एंडियन म्हणजे खालचा आधी. पार्सर म्हणजे आलेले बाइट वाचून त्यातले फील्ड, म्हणजे एकेक आकडा किंवा मजकूर, वेगळे करणारा कोड. एन्कोडिंग म्हणजे अक्षरांचे बाइट करायची पद्धत.

मॉडबस घ्या, कारखान्यातली यंत्रं आणि मीटर ज्यात बोलतात तो प्रोटोकॉल, १९७९ पासूनचा. रजिस्टर, म्हणजे त्यातला आकड्याचा कप्पा, १६ बिटांचं, वरचा बाइट आधी. पण ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरांत बसवला की कुठलं रजिस्टर आधी, यावर मानक गप्प! चाकणला एका कारखान्यात वीजमीटर जोडत होतो. मीटरवर २३० व्होल्ट, माझ्या स्क्रीनवर ०.००. दोन दिवस केबल बदलली, तारा उलटसुलट केल्या. शेवटी कच्चे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) कागदावर उतरवले: ०० ०० ४३ ६६. २३० चा फ्लोट होतो ४३ ६६ ०० ००. म्हणजे मीटर खालचं रजिस्टर आधी पाठवत होता. मॅन्युअलमध्ये इतकंच होतं: 'फ्लोट, २ रजिस्टर'.

जुना_सॉकेट: ते मीच लिहिलं होतं. मीटरवाल्याच्या आळसाचं खापर माझ्यावर का? इंटरनेटचे प्रोटोकॉल बघा: आयपी, टीसीपी, डीएनएस, सगळे बिग-एंडियन. आणि तारा उलट्या असत्या तर मीटरने उत्तरच दिलं नसतं. सीआरसी (संदेशाच्या शेवटचा चूक-तपासणीचा आकडा) जुळून शून्य येतंय म्हणजे वायरिंग ठीक आहे. हे पाच मिनिटांत कळायला हवं होतं.

रजिस्टरवाला: रात्री अकराला सुपरवायझर डोक्यावर उभा असताना सुचून दाखवा. आणि सीआरसी म्हणालात ना? मॉडबस आरटीयूमध्ये (सीरियल तारेवरच्या मॉडबसमध्ये) डेटाचा वरचा बाइट आधी येतो, सीआरसीचा खालचा. एकाच फ्रेममध्ये, म्हणजे एका संदेशात, दोन क्रम. कुठे गेलं तुमचं 'सगळं'?

संदेशवाहक: एन्कोडिंगवर कुणीच बोलत नाहीये. मराठी एसएमएस यूसीएस-२ मध्ये जातो (दर अक्षराला दोन बाइट, वरचा आधी), 'न' म्हणजे ०९ २८. आमच्याकडे एकाने कोडमध्ये नुसतं 'यूटीएफ-१६' लिहिलं (तसलंच एन्कोडिंग, पण नावात क्रम नाही), लायब्ररीने लिटल-एंडियन धरलं. २८ ०९ हे ब्रेलचं चिन्ह आहे! 'र' चा झाला चिनी-जपानी मजकुरातला कंस, 'क' चं कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं अक्षर. बाजारभावाचे मेसेज होते, शेतकऱ्यांचे फोनवर फोन.

करवीरकर_ताई: त्याहून मोठा अन्याय ७० अक्षरांचा! इंग्रजीला १६०, आपल्याला ७०. त्यात 'स्त्री' ची मोजणी सहा, हलन्त आणि वेलांटीही वेगळी धरून.

संदेशवाहक: ताई, जागाच १४० बाइटची. यूटीएफ-८ (वेबवरचं नेहमीचं एन्कोडिंग) असतं तर मराठी अक्षराला तीन बाइट, म्हणजे जेमतेम ४६.

करवीरकर_ताई: गणित बरोबर असेल. पण लांब मेसेजचे तुकडे पडतात, दर तुकड्यात ६७ च अक्षरं, आणि पैसे तुकड्यागणिक. म्हणून आमची पतसंस्था रोमन लिपीत मराठी पाठवते. माझ्या आईला ते वाचता येत नाही. हप्त्याची तारीख हुकली तिची. तुमचे बाइट त्यानंतर.

संदेशवाहक: हे मात्र खरं. आमच्याकडेही खर्चाचं कारण देऊन मराठी टेम्प्लेट बंद करायला निघाले होते. भांडून ठेवलं.

जुना_सॉकेट: मूळ मुद्द्यावर या. मॉडबस आणि एसएमएसला लिहा, मानलं. पण टीसीपी हेडरच्या (डेटाआधी येणाऱ्या माहितीच्या) पोर्ट नंबरपुढेही 'बिग-एंडियन' लिहायला लावू नका.

रजिस्टरवाला: मी तिथेही लिहिणार. मॉडबस-टीसीपीत (नेटवर्कवरून जाणाऱ्या मॉडबसमध्ये) तुमचा तो हेडर संपला की थोड्याच बाइटांवर माझा फ्लोट असतो. 'इथपर्यंत गृहीत धरा, इथून पुढे धरू नका' हे नवख्या पोराने कुठे वाचायचं?