तरंगत्या हिमथराखालचा समुद्र कसा मोजतात?

प्रश्न (इंदूर): नमस्कार. रामबागेतील आमच्या मंडळात रविवारी मुलांसाठी विज्ञानवाचन होते. अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीविषयी वाचताना एका मुलीने विचारले, की शेकडो मीटर बर्फाखालचे पाणी उपग्रहालाही दिसत नाही, तर त्याचे तापमान मोजतात कसे? तिला अर्धवट उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

उत्तर (ग्वाल्हेर): ताई, तापवलेल्या पाण्याच्या झोताने बर्फात आरपार भोक पाडतात आणि ते पुन्हा गोठून बंद होण्याआधी उपकरणे खाली सोडतात. जानेवारी २०२० मध्ये थ्वेट्सवर सुमारे ५९० मीटर खोल भोकातून ‘आइसफिन’ हा केबलला जोडलेला, साडेतीन मीटर लांबीचा यंत्रमानव उतरवला होता. बर्फाचा सपाट तळ अपेक्षेपेक्षा हळू वितळत असला, तरी भेगांत आणि पायऱ्यांसारख्या कडांपाशी तो झपाट्याने झिजतो, हे त्यामुळे कळले. मला स्वतःला हा शोध फार मोलाचा वाटतो.

उत्तर (वडोदरा): केवळ तापमान पुरत नाही, हेही तिला अवश्य सांगा. पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारता काढतात आणि दाबावरून खोली. समुद्राचे पाणी पृष्ठभागावर सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते, परंतु हजार मीटर खोलीवर दाबामुळे हा बिंदू आणखी सुमारे पाऊण अंश खाली जातो. म्हणून वर गोठण्याच्या बेतात असलेले पाणी तेवढ्या खोलवर पोहोचले, की तेच बर्फ वितळवू लागते.

प्रश्नकर्ती: काका, दोघांचेही मनापासून आभार. दाबाचा मुद्दा मलाच नवा आहे. येत्या रविवारी तेथूनच सुरुवात करीन.