मदत हवी आहे: अमेरिकी नौदलाच्या मानवतावादी सेवा पदकाच्या नोंदी

माझे यजमान अमेरिकी नौदलात होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांचं जहाज इंडोनेशियातल्या आचेच्या किनाऱ्याजवळ मदतकार्यात होतं. त्या मोहिमेसाठी ह्युमॅनिटेरियन सर्व्हिस मेडल दिलं गेलं, पण त्यांच्या डीडी-२१४ वर, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावर, त्याचा उल्लेखच नाही. आता ते हयात नाहीत. मुलीला ते पदक मिळावं, एवढीच इच्छा.

पत्नी म्हणून सेंट लुईसच्या लष्करी सेवानोंदींच्या अभिलेखागारातून त्यांची फाइल एसएफ-१८० हा अर्ज भरून मागवता येईल, हे कळलं. पात्र जहाजं आणि तारखांची यादी मात्र कुठे मागायची? तिथल्या माहिती अधिकाराखाली, म्हणजे फोयाखाली, नौदलाकडे अर्ज करावा का? पुरावा म्हणून जहाजाचं डेक लॉग, म्हणजे रोजची नोंदवही, चालतं का? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.