प्रतिसाद: उजव्यांना हॉलिवूडमध्ये कामच मिळत नाही?

वर कुणीतरी लिहिलंय की हॉलिवूडमध्ये रिपब्लिकन, म्हणजे अमेरिकेतल्या उजव्या पक्षाचा, असल्याचं कळलं की माणूस संपला. मोठ्या नावांना हे लागू होत नाही. नट-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड हा रिपब्लिकन, १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावचा नगराध्यक्ष झाला, दिग्दर्शनाची दोन्ही ऑस्कर त्यानंतरची. खरी अडचण बिननावाच्या माणसाची. प्रकाशयोजना, संकलन, छोट्या भूमिका ही कामं ओळखीवर मिळतात आणि नकाराला कारण द्यावं लागत नाही. म्हणूनच तिथल्या उजव्यांच्या 'फ्रेंड्स ऑफ एब' या गटाने सभासदांची यादी गुप्त ठेवली होती.

पण १९४७ नंतर हॉलिवूडमध्ये काळी यादी, म्हणजे काम देऊ नये अशांची यादी, लागली ती डाव्यांवर, हेही सांगा की! तिथं तर तुरुंगवारीही झाली.

आमच्या सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या गावात, हौशी नाटकवाल्यांचं वेगळं नाही. तालमीनंतर चहाच्या गाड्यावर मत जरा जोरात मांडलं, की पुढच्या नाटकाला 'तुझ्या वयाचं पात्र नाहीये रे' असा निरोप येतो. डाव्या दिग्दर्शकाकडूनही आणि उजव्याकडूनही. तेच पात्र मग पन्नाशीचा गृहस्थ केस रंगवून करतो, ते सोडा. तिकडे निदान पोटाचा प्रश्न असतो. इथं तर पदरमोड करून नाटक करायचं असतं.