मदत हवी आहे: कॅफे रेसर केलेली जुनी आरएक्स १०० घ्यावी का?

साताऱ्यात १९९५ची यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाइक) विकायला आहे. कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसिंग बाइकसारखी, वाकून चालवायची केलीय. क्लिप-ऑन हँडल (फोर्कला थेट आवळलेले खालचे दोन दांडे), एकट्याची सीट, मागची चेसिस कापून वाकवलेल्या नळीचा लूप वेल्ड केलेला, एअर फिल्टरचा डबा काढून कार्बोरेटरला उघडा कोन फिल्टर. ऑइलची टाकी आणि पंपही काढलाय; पेट्रोलमध्येच ऑइल टाका म्हणतात. रविवारी पाचगणी-महाबळेश्वर एवढाच वापर. बघायला जाताना काय तपासू?

धूरवाला:
इंजिन थंड असतानाच बघायचंय हे मालकाला आधीच सांगा. तापवून ठेवलेली आरएक्स अर्ध्या किकला सुरू होते, त्यावरून काही कळत नाही.

सुरुवातीचा धूर चालतो. इंजिन चांगलं तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइलची पातळी घटलेली असेल, तर उजवं, म्हणजे क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील) गेलंय. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. रेस सोडल्यावर इंजिनचा वेग लगेच उतरत नसेल तर मॅग्नेटोकडच्या, म्हणजे डाव्या सीलमधून हवा शिरत असावी. हे जास्त वाईट. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी; पिस्टन तापून जाम होतो. सील स्वस्त आहे, मजुरी नाही.

कोन फिल्टर लावून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) जुनाच ठेवला असेल तरी हीच गत. राइड मारून स्पार्क प्लग काढा: कॉफी रंग ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ. पंप काढलाय तर ऑइलची नळी जिथे जोडलेली असते ते तोंड नीट बुजवलंय का पाहा, तिथूनही हवा ओढली जाते. मूळ डबा मिळाला तर परत बसवा. कोन फिल्टर फोटोसाठी बरा.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) कितवा आहे तेही विचारा. स्टँडर्ड ५० मि.मी., मग ०.२५च्या पायऱ्यांनी १.०० पर्यंत. शेवटच्या मापावर असेल तर पुढचा खर्च स्लीव्हचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नव्या नळीचा.

चेसिस नंबर (दुसरा सभासद):
आधी कागद, मग किक. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. आरसीवरची मुदत पाहा. संपली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याने करून द्यावं, कारण गाडी तपासणीला न्यावी लागते आणि कापलेली चेसिस तिथे अडू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली असा बदल चालत नाही. १८२अ(४)नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

वेल्डिंग बघताना मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टभोवती टॉर्च मारा. रंगात केसाएवढी रेष दिसली तरी सोडून द्या. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा: बोटं टाकीत चेंगरतात का, केबल ताणून रेस वाढते का?

धागाकर्ता: कागद बघतो. ऑइल किती टाकायचं? पसरणी घाट उतरताना काही वेगळं?

धूरवाला:
लिटरला ३० मि.लि. चांगलं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, आधी डब्यात मिसळून मगच टाकीत. घाटात पेट्रोल-ऑइल मिश्रणावरच्या गाडीची रेस बंद केली की ऑइलही जवळपास बंद, आणि चाक मात्र इंजिन फिरवत राहतं. म्हणून उतारावर थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून रेस द्या. फक्त ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापून लिव्हर ढिला लागेल, तेव्हा दोन्हींचा मेळ घाला. वजन मनगटावर न देता गुडघ्यांनी टाकी धरा. क्लिप-ऑनवर पाचगणीपर्यंतसुद्धा हात भरून येतात.