मदत हवी आहे: नाट्यसंगीत शिकणाऱ्या भाचीला म्युझिकल थिएटर करायचंय

नमस्कार मंडळी. माझी भाची सतरा वर्षांची आहे, नाट्यसंगीत शिकते. सध्या तिला लिआ सालोंगा या फिलिपिनो गायिका-अभिनेत्रीने अक्षरशः झपाटलंय. मनिलाची ही मुलगी सातव्या वर्षी रंगमंचावर आली. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजात शिकत असताना 'मिस सायगॉन' या म्युझिकलसाठी (म्हणजे गाणं, नाच, अभिनय असलेल्या पाश्चात्य नाटकासाठी) तिची निवड झाली आणि ती लंडनला गेली. १९८९ साली तिथल्या ड्रुरी लेनच्या थिएटरात नायिका किम म्हणून उभी राहिली तेव्हा अवघी अठरा वर्षांची! मग ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार, न्यूयॉर्क, १९९१ चा टोनी हा अमेरिकन नाट्यपुरस्कार. १९९३ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीतल्या, 'ले मिझराब्ल' या म्युझिकलमध्ये एपोनीनची भूमिका केली. तिच्याआधी तिथे ही भूमिका कुणा आशियाई नटीला मिळाली नव्हती. मला तर पुरस्कारांपेक्षा हेच मोठं वाटतं.

आता अडचण सांगते. तिकडे आठवड्याला आठ प्रयोग असतात. आमची पोर गेल्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस गायली, तर तिसऱ्या दिवशी चहा मागायलाही आवाज फुटेना. दिवसभर वहीवर लिहून बोलत होती, डोळ्यांत पाणी.

लंडन-न्यूयॉर्कला किंवा इथेच कुणी म्युझिकल थिएटर शिकलं आहे का? बेल्टिंग (छातीच्या जोरकस आवाजात वरचे सूर गाणं) शिकताना नाट्यसंगीताची तालीम चालू ठेवावी की काही काळ थांबवावी? रोजच्या प्रयोगांसाठी गळा कसा तयार करतात? बारावीनंतर लगेच ऑडिशन द्यावी की आधी नाच आणि अभिनय पक्का करावा? पुण्यात आवाज नीट तपासणारे डॉक्टर माहीत असतील तर तेही कळवा, प्लीज.